आधी ठोकून पाहा, मग कर्ज मागा



या महिन्याचा पाठ घरदुरुस्तीचा आहे. गटात कर्जमागणीचे अर्ज येतात त्यात "घरदुरुस्ती" हे कारण नेहमीचंच. पण अर्जापुढे बसून "ताई, नेमकं काय करायचं आहे?" असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, कोबा उखडून टाइल्स बसवायच्या आहेत, मातीची भिंत पाडून विटांची करायची आहे, पितळेची भांडी मोडीत देऊन स्टीलची घ्यायची आहेत. घर चांगलं असावं असं प्रत्येकीला वाटतं, त्यात काहीच वावगं नाही. माझा प्रश्न एवढाच असतो की जी वस्तू काढून टाकायची ती खरंच संपली आहे का, की फक्त तिची वरची साल झिजली आहे?

भाकर तव्यावर थोडी करपली तर आपण करपलेला पापुद्रा सुरीनं खरवडतो आणि भाकर खातो. पण भाकर आतून कच्ची राहिली असेल तर वरून कितीही खरवडा, उपयोग नाही. घराचंही असंच आहे. कोबा, भिंत, दार, पत्रा, भांडं, जातं, या प्रत्येकाला एक अंग असतं आणि एक वरचा थर असतो. रोजची झीज तो थर सोसतो. थर गेला पण अंग शाबूत आहे, तर थर नवा द्यायचा. अंगच गेलं असेल तर वरून थर देणं म्हणजे पैसे मातीत घालणं. आजचा सगळा पाठ हे दोन वेगळे कसे ओळखायचे याचा आहे.

खरं तर हे शास्त्र आपल्या घरात आधीपासून आहे. धान कापून आणायच्या आधी आपण खळं सारवतो. दिवाळीच्या आधी भिंती छाबतो, पोतारतो. मृगाच्या आधी कवेलू फेरतो, फुटलेली तेवढी बदलतो, चांगली परत लावतो. कोणीही दरवर्षी नवं छप्पर घालत नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला कधी गेलात तर बघा. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला तिथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. त्यांची आदी निवास आणि बापू कुटी ही घरं माती, बांबू, लाकूड आणि कवेलूची आहेत, म्हणजे आपल्या घरांसारखीच. ८५ वर्षांच्या वर झाली तरी ती उभी आहेत, कारण त्यांना वेळेवर लिंपलं, सारवलं जातं, कवेलू पाहिली जातात. मातीचं घर टिकत नाही असं जे म्हणतात त्यांना ते दाखवावं.

सिमेंटचं घर आल्यावर मात्र आपला हा सराव सुटला. सिमेंट म्हणजे एकदा केलं की झालं, असा समज झाला. तसं नाही.

कोबा: पाच तपासण्या

आपल्याकडच्या घरकुलांत आणि साध्या पक्क्या घरांत बहुतेक ठिकाणी सिमेंटचा कोबा असतो. पाच-सात वर्षांत तो भुकटी सोडू लागतो. सकाळी झाडलं, दुपारी पुन्हा पांढरी धूळ. लेकरं खाली बसली की चड्ड्या पांढऱ्या. मग वाटतं की कोबा सडला. पण ही भुकटी बहुतेक वेळा वरच्या थराचीच असते. कोबा करताना मालात पाणी जास्त झालं, की सिमेंटचा बारीक अंश पाण्याबरोबर वर येतो आणि वरचा थर कमजोर होतो. किंवा नंतर पाणी मारलं गेलं नाही. खालचा कोबा बऱ्याचदा ठणठणीत असतो.

तपासायला मिस्त्री लागत नाही. एक लाटणं किंवा जाड काठी आणि एक खडू घ्या. गुडघ्यावर बसून दर वीतभर अंतरावर ठोकत जा. खणखणीत, भरीव आवाज आला तर खाली पकड आहे. भदभद, पोकळ आवाज आला तर तिथे थर सुटला आहे, तेवढ्या जागेला खडूनं गोल करा. सगळी खोली ठोकून झाली की उभं राहून बघा. गोल चार-दोन ठिकाणी असतील तर तेवढंच काढून भरायचं आहे. जिकडे तिकडे गोलच गोल असतील तर कोबा उखडावाच लागेल.

दुसरं, लोखंडी खिळ्यानं ओरखडा ओढा. पांढरी रेघ उमटून थांबली तर ठीक. खिळा आत रुतत गेला आणि रेती मोकळी होऊ लागली तर थर मेला आहे, तो घट्ट भाग लागेपर्यंत काढावा लागेल.

तिसरं, भेग. भेग दिसली की घाबरू नका, पण ती थांबलेली आहे की वाढते आहे हे पाहा. भेगेवर कागदाची पट्टी दोन्ही बाजूंनी खळीनं घट्ट चिकटवा आणि त्यावर तारीख लिहा. पावसाळ्याच्या आधी लावून पावसाळ्यानंतर पाहिली तर उत्तमच. पट्टी फाटली तर खालची जमीन हलते आहे. काळ्या मातीवरच्या घरांत हे जास्त होतं, कारण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आटून फाटते. अशा भेगेत नुसतं सिमेंट भरलं तर ती शेजारून पुन्हा फुटते. आधी भिंतीला लागून मुरणारं पाणी दूर काढा, मग भेगेचं बघा.

चौथं, ओल. दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर पसरून कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि एक दिवस ठेवा. काढल्यावर आतून थेंब जमलेले दिसले तर ओल खालून चढते आहे. तिच्यावर टाइल्स लावल्या तरी त्या सुटतील. म्हणजे इथे महागडा उपाय करूनही फसगत होणार.

पाचवं, खोलीच्या मधोमध पाणी ओतून ते कुठे जातं ते पाहा. एका कोपऱ्यात जमिनीनं बसकण मारली असेल तर तिथे घुशीचं बीळ आहे का, भराव नीट दाबला नव्हता का, हे पाहावं लागेल. खचलेली जमीन वरच्या थरानं बरी होत नाही.

या पाच तपासण्यांत कोबा पास झाला, तर त्याच्यावर नवा थर द्या.

थर कसा द्यायचा

मी समाजकार्य शिकले आहे, गवंडीकाम नाही. पण गवंड्यांजवळ बसून आणि त्यांना "असंच का?" असं विचारून विचारून जे कळलं ते सांगते, कारण काम करणारा माणूस घाई करतो तेव्हा त्याच्याजवळ उभी राहणारी बाई आपणच असतो. काय बघायचं हे माहीत असलं की बोलता येतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे नुसत्या सिमेंटचा घोळ ओतून वरून गुळगुळीत करून देणं. दिसायला छान, स्वस्त, एका दिवसात काम. पण हा पापुद्रा पातळ असतो, सुकताना आकसतो आणि वर्षभरात कांद्याच्या सालीसारखा निघतो. म्हणून थर किमान एक इंचाचा घ्या. अर्ध्या इंचाच्या आत तर घेऊच नका.

आधी जुन्या कोब्यावर टाकीनं जवळजवळ टोचे मारून तो खरखरीत करायचा. गुळगुळीत जागेवर नवीन माल धरत नाही. स्वयंपाकखोलीत तेल सांडलेलं असतं, ती जागा सोड्यानं घासून धुवा. चार थेंब पाणी टाकून पाहा, पाणी मुरलं तर चालेल, मोत्यासारखं उभं राहिलं तर अजून तेल आहे. मग सगळी धूळ काढून रात्रभर जमीन भिजवायची. सकाळी साचलेलं पाणी पुसून घ्यायचं. जमीन ओलसर हवी, डबकं नको. त्यावर सिमेंटचा दाट घोळ झाडूनं घासून लावायचा आणि तो ओला आहे तोवरच माल टाकायचा. घोळ लावून मिस्त्री चहाला गेला आणि घोळ वाळला तर तो घोळच नवा-जुना थर वेगळा करतो. तेव्हा चहा आधी द्या!

माल एकास तीन. एक घमेलं सिमेंट, तीन घमेली रेती, घमेलं तेच. रेती तळहातावर चोळा. हाताला माती चिकटली तर रेती धुऊन घ्या. सिमेंटच्या पोत्यावर तारीख छापलेली असते, तीन महिन्यांच्या वर झालेलं घेऊ नका. गोळे झाले असतील तर परत करा. आपल्या जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस असे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत, तरी गावातल्या दुकानात पडून राहिलेलं जुनं पोतं मिळू शकतं. पाणी एका पोत्याला २५ लिटरच्या वर नको, रेती ओली असेल तर त्याहून कमी. माल ढिला केला की पसरायला सोपा जातो म्हणून काम करणाऱ्याला पाणी घालायचा मोह होतो. तुमचा जुना कोबा भुकटी सोडत होता तो बहुतेक याच मोहामुळे.

माल पट्टीनं सरळ करून, रंध्यानं घासून, वरचं चकाकतं पाणी आटेपर्यंत थांबायचं. मग गुरमाळा मारायचा. पाणी लवकर आटावं म्हणून वरून कोरडं सिमेंट भुरभुरवतात, ते करू देऊ नका. तोच थर पुढे पापुद्रा होऊन निघतो. उतार मोरीकडे ठेवा. आणि एक इंच जमीन वर येणार म्हणजे दार अडणार, ते आधीच काढून खालून तासून घ्या. हे कोणी आधी सांगत नाही आणि मग नव्या कोब्यावर दार घासत बसतं.

माल किती लागेल? १०० चौरस फुटांना एक इंच थरासाठी साधारण सव्वादोन पोती सिमेंट आणि आठ ते साडेआठ घनफूट रेती. घरकुलाचं घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचं असतं. सगळ्या घराला थर द्यायचा झाला तरी सहा-सव्वासहा पोती. दुकानात भाव विचारून गुणाकार वहीत करून ठेवा. मिस्त्री दहा पोती म्हणाला तर "कशी?" असं विचारता येईल.

आता पाण्याचं. दुसऱ्या दिवसापासून किमान सात दिवस थर सतत ओला ठेवावा लागतो. ओली पोती अंथरून ठेवणं सगळ्यात सोपं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हाळ्यात काम काढलं तर दहा-बारा दिवस पाणी मारावं लागेल, आणि ते पाणी बोअरवेलवरून कोण आणणार? आपणच. मिस्त्रीच्या मजुरीत हे श्रम कुठेच लिहिलेले नसतात. म्हणून कोब्याचं काम दिवाळीनंतर ते माघापर्यंत काढा. विहिरीला पाणी असतं, ऊन कमी असतं. घर मोकळं करायला जागा नसेल तर अर्धी खोली आधी, अर्धी नंतर करा. जोडाची कडा मात्र सरळ उभी कापून, घोळ लावून मगच पुढचा माल भिडवा.

एक गोष्ट जपा. ओलं सिमेंट कातडीला चुन्यासारखं खातं. तेव्हा लगेच दुखत नाही, रात्री हातपाय सोलल्यासारखे होतात. रबरी मोजे घाला, नाही मिळाले तर हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. अनवाणी मालात उभ्या राहू नका. डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्यानं धुऊन लगेच दवाखाना गाठा.

मातीच्या भिंतीवर सिमेंट नको

हा भाग नीट वाचा, इथे जिवाचा प्रश्न आहे.

मातीची किंवा कुडाची भिंत दरवर्षी लिंपायचा कंटाळा येतो, हे मला कळतं. शेतीचं काम, रोजगार हमीचं काम, घर, त्यात भिंती. मग कोणीतरी सुचवतं की एकदाच सिमेंटचा प्लास्टर मारून टाका, सुटका होईल. भिंत वर्ष-दोन वर्षं झकास दिसते. पण मातीची भिंत श्वास घेते. जमिनीतून ओल वर चढते आणि भिंतीच्या दोन्ही अंगांनी उडून जाते. सिमेंटचं कातडं चढवलं की ओल आत कोंडते. शिवाय माती ओलीनं फुगते, सुकून आकसते, पण सिमेंट तसं हलत नाही. त्यामुळे दोघांची पकड सुटते. भेगेतून पावसाचं पाणी आत शिरतं, आतली माती चिखल होत जाते आणि बाहेरून भिंत कडक, गुळगुळीत दिसत राहते. उघडी मातीची भिंत झिजली तर आपल्याला दिसतं. झाकलेली भिंत एखाद्या श्रावणाच्या झडीत न सांगता बसू शकते.

ज्यांनी आधीच प्लास्टर केलं आहे त्यांनी लाटण्यानं भिंत ठोकून पाहावी, विशेषतः खालचे तीन फूट. पोकळ वाजलं, पोट बाहेर आलेलं दिसलं, तर पावसाळ्याआधी तो भाग काढून आतली भिंत बघा. तोवर त्या भिंतीला लागून खाट टाकू नका. भिंत ओळंब्यातून गेली असेल, खांब वाळवीनं पोखरले असतील, तर ते वरच्या थराचं काम उरलं नाही. तिथे कर्ज घ्या, बिनधास्त घ्या, आणि गटानंही ते आधी मंजूर करावं.

भिंत सरळ आणि आतून घट्ट असेल तर मातीला मातीच लावा. मिश्रणाचं एकच प्रमाण मी सांगू शकत नाही, कारण प्रत्येक गावची माती वेगळी. काळी माती एकटी वापरली तर भेगाळते, तिला रेती किंवा मुरमाड माती लागते. नुसती रेताड असेल तर हाताला लागून झडते. म्हणून आधी भिंतीवर एक-एक हाताचे तीन तुकडे वेगवेगळ्या मिश्रणाचे लावा आणि चार दिवस वाळू द्या. ज्याला भेगा नाहीत आणि घासल्यावर माती सुटत नाही ते मिश्रण तुमच्या घराचं. त्यात बारीक चिरलेलं तणस किंवा धानाचं तूस घाला. ते मातीला आतून धरून ठेवतं, भेग लांब पळू देत नाही. शेणातले गवताचे बारीक तंतूही तेच काम करतात. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं ज्या गिलाव्यावर काढली आहेत तोही मातीचाच आहे आणि त्यात धानाचं तूस आणि गवताचे तंतू सापडतात. आपलं तूस काही लहान घरचं नाही!

माती चार-आठ दिवस भिजवून, तुडवून घ्या. जुने सुटलेले पोपडे खरवडून काढा. वर्षानुवर्षांचे थर एकावर एक चढून जाड झाले असतील तर तेही काढावे लागतात, नाहीतर स्वतःच्याच वजनानं पडतात. भिंत पाण्यानं ओलावून पातळ दोन थर द्या, पहिला वाळल्यावर दुसरा. एकच जाड थर देऊ नका. वरून पांढरी माती किंवा चुना. चुना ओल अडवत नाही, म्हणून मातीवर तो चालतो. ऑइलपेंट चालत नाही, तो सिमेंटसारखीच ओल कोंडतो. चुनकळी विझवताना पाणी उकळून उडतं, लेकरांना लांब ठेवा आणि डोळे सांभाळा.

भिंतीचा पायथा सगळ्यात आधी झिजतो, कारण छपरावरचं पाणी जमिनीवर पडून भिंतीवर उडतं. दरवर्षी पायथा लिंपण्यापेक्षा वळचण हातभर पुढे काढता येते का बघा. पाणी पडतं तिथे गोटे पसरा आणि बाहेरच्या बाजूला उतार द्या. लिंपणाचं काम निम्मं होईल.

पितळ, पाटा, जातं

पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की आंबट वरण, ताक, चिंच त्यात ठेवता येत नाही, कारण आंबटानं पितळेतलं तांबं अन्नात उतरतं. म्हणून बाया भांडं मोडीत देतात. मोडीत पितळ वजनावर जातं आणि त्या पैशात हलकं भांडं येतं. भांड्याचं अंग जाड असेल, भोक नसेल, तर कल्हई करा. भांडं तापवून, नवसागर टाकून, कथील फिरवून कापसानं पुसलं की झालं. कथिलात स्वस्त म्हणून शिसं मिसळलेलं नसावं, ते अन्नात उतरलं तर लेकरांच्या मेंदूला अपाय करतं. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ वाकवली की करकर आवाज येतो. कल्हईवाल्याला हे करून दाखवायला सांगा, त्याला राग आला तरी चालेल. नवसागराचा पांढरा धूर छातीत जाऊ देऊ नका. कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर ठेवू नका, कथील २३२ अंशांवरच वितळतं. घासायला लोखंडी घासणी नको, राख आणि काथ्या पुरे.

नॉनस्टिक तव्याचं मात्र उलट आहे. त्याचा थर निघू लागला की तो घरी काही करून परत येत नाही. तो टाकून बिडाचा तवा घ्या.

पाटा-वरवंटा, जातं गुळगुळीत झालं तर टाकवून घ्या. टाकवल्यावर पहिलं दळण कण्यांचं करा आणि ते फेकून द्या, त्यात दगडाची कच असते.

हे घासू नका

थर देण्याआधी जुना थर घासायचा असतो, पण सगळंच घासायचं नसतं. जुन्या दारांवरच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याच्या आधीचा रंग भरवशाचा नाही. असा रंग कोरडा घासू नका, जाळून काढू नका. पाणी लावून ओला घासा, लेकरांना आणि गरोदर सुनेला त्या दिवशी दुसऱ्या घरी ठेवा, आणि निघालेला चिखल अंगणात न टाकता पिशवीत बांधून फेका.

सिमेंटचा नालीदार पत्रा, ज्याला लोखंड नसतं तो, त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. हे तंतू धुळीबरोबर छातीत गेले तर पुढे फुप्फुसाचे गंभीर आजार होतात. त्याला लोखंडी ब्रश लावू नका, कापू नका, भोकं पाडू नका. लोखंडी पत्र्याचा गंज मात्र ब्रशनं काढून, लाल प्रायमर मारून रंग देता येतो. पत्रा उन्हाकडे धरून पाहा, चाळणीसारखा उजेड दिसला तर रंगाचे पैसे वाचवा, पत्रा बदला.

आणि स्लॅब. स्लॅबची खपली पडून आतली सळई दिसत असेल तर त्यावर नुसता प्लास्टर मारून झाकू नका. गंजलेली सळई फुगते आणि नवा प्लास्टर ढकलून पाडते, तोही खाली झोपलेल्या माणसावर. इथे ग्रामपंचायतीत अर्ज देऊन अभियंत्याला दाखवायचं.

वहीतला हिशेब

समजा तुमच्या गटात महिन्याला शेकडा दीड रुपया व्याज आहे. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. टाइल्ससाठी ३०,००० रुपये घेतले आणि २० महिन्यांत १,५०० रुपये मुद्दलाप्रमाणे फेडले, तर उतरत्या शिलकीवर व्याज होतं ४,७२५ रुपये. एकूण ३४,७२५. त्याऐवजी कोब्याला थर द्यायला ८,००० घेतले आणि ८ महिन्यांत १,००० प्रमाणे फेडले, तर व्याज ५४० रुपये. एकूण ८,५४०. मधला फरक २६,१८५ रुपये. त्यात शेळ्या येतात, शिलाई मशीन येतं, मुलीची वर्षाची फी निघते. शिवाय तुम्ही ८ महिन्यांत मोकळ्या झालात तर गटातल्या दुसरीचा नंबर लवकर लागतो.

तरी टाइल्सच हव्यात असं एखादीनं ठरवलं तर तिला अडवू नका. तिचं घर, तिची बचत. फक्त खालचा कोबा तपासून घ्या आणि स्वयंपाकखोलीत, मोरीजवळ खरखरीत टाइल्स घ्या, ओल्या पायानं घसरून कंबर मोडणाऱ्या सासवा प्रत्येक गावात आहेत.

पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येक ग्रामसंघानं अवजारांचा एक संच घ्यावा असा माझा आग्रह आहे: थापी, रंधा, गुरमाळा, टाकी-हातोडी, ओळंबा, लोखंडी ब्रश आणि रबरी मोज्यांच्या चार जोड्या. नोंदवहीत लिहून आळीपाळीनं वापरायचा. घरदुरुस्तीच्या अर्जाला यापुढे एक कागद जोडावा: काय ठोकलं, किती जागा पोकळ निघाल्या, पट्टी फाटली की नाही, माल किती लागेल. अर्जदार ताईनं आणि गटातल्या आणखी दोघींनी जाऊन पाहायचं आणि तिघींनी सही करायची. लिहिता येत नसेल त्यांनी खोलीचा चौकोन काढून पोकळ जागी फुल्या मारल्या तरी चालेल.

या महिन्यात प्रत्येकीनं आपल्या घरातली एक खोली आणि एक भिंत ठोकून यायचं. बैठकीत आपण सगळ्यांच्या फुल्या मोजू, आणि जिची जमीन थर देण्याजोगी निघेल तिच्या घरी दिवाळीनंतर पहिलं काम सगळ्या मिळून करू. येताना आपापल्या गावच्या दुकानातला सिमेंटचा आणि रेतीचा भाव लिहून आणा. लाटणं घरचंच आणा.

तुमची क्षेत्र समन्वयक,
गोंडपिपरी